आईची मैत्रीण रातोरात दुसऱ्या होममध्ये गेली आणि कोणी सांगितलंसुद्धा नाही

खाडीकाठ

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

माझी आई ८१ वर्षांची. गेली अडीच वर्षं ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका वृद्धाश्रमात आहे, आम्ही होम म्हणतो. दोनदा पडली, दुसऱ्यांदा खुब्याचं ऑपरेशन झालं, मी आणि नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडतो ते रात्री आठला घरी, तीन बायका ठेवून बघितल्या, एकही दोन महिन्यांवर टिकली नाही. शेवटी आईला विचारून हा निर्णय घेतला. हे आधीच सांगते कारण धागा त्याबद्दल नाहीये.

धागा कोळीवाड्याच्या काकूंबद्दल आहे.

आम्ही मूळचे खारकर आळीतले. काकू चेंदणी कोळीवाड्यातल्या. म्हणजे चालत दहा मिनिटं. साठ वर्षं दोघी एकाच मार्केटमधून भाजी आणत असणार, एकाच स्टेशनच्या गर्दीतून जात असणार, आणि ओळख झाली कुठे तर होममध्ये, एका खोलीत दोन पलंग म्हणून. आई पक्की शाकाहारी, काकूंनी उभ्या आयुष्यात मासळी विकली. पहिला महिना आईने मला रोज फोनवर सांगितलं की खोली बदलून दे, ही बाई फार मोठ्याने बोलते.

आणि तेच मोठ्याने बोलणं कामाला आलं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, अख्खी नोकरी कानाला हेडफोन लावून, आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावते पण बॅटरी संपली की तशीच बसून राहते, कोणाला सांगत नाही. काकूंना काचबिंदू, समोरचं माणूस सावलीसारखं दिसतं. तर यांचं असं जमलं की जेवणाची घंटा झाली, डॉक्टर आले, कोणी हाक मारली की काकू आईच्या दंडाला हात लावून सांगणार, आणि आई त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवणार. त्यातही काकूंना आधी निधनवार्ता हव्यात, मग ठाण्याचं पान, मग बाकीचं जग. आई चिडायची, सकाळी सकाळी हे काय अशुभ, तर काकू म्हणायच्या अगो आपल्यातलं कोन गेलं ते नको कळायला? मला एकदा आईने हळूच सांगितलं की येताना बोंबलाची चटणी आण, बाहेरून विकत आण, घट्ट झाकणाच्या डब्यात. माझ्या आईने! मी डबा घेऊन गेले तेव्हा काकूंनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून बघितला होता.

मार्चमध्ये एका रात्री काकूंना दम लागला, अॅम्ब्युलन्स आली, नेलं. तिसऱ्या दिवशी त्या पलंगावर नवीन आजी. आई विचारतेय तर मावशी म्हणतात येतील हां आजी, बऱ्या होतायत. पंधरा दिवस हेच उत्तर. मग आईने विचारणंच बंद केलं, तिने मनाशी ठरवलं की त्या गेल्या. आणि खरं काय ते मला दीड महिन्याने वॉचमनकडून कळलं, की काकू हॉस्पिटलमधून बऱ्या होऊन परस्पर पनवेलकडच्या एका होममध्ये गेल्या, मुलाने तिकडे घर घेतलंय म्हणून. ऑफिसमध्ये नंबर मागितला तर सांगितलं देता येत नाही, प्रायव्हसी आहे, आणि मॅडम तुम्ही त्यांच्या नातेवाईक कोण?

बरोबर आहे, कोणीच नाही.

आई मशीन लावत नाही आता, ड्रॉवरमध्ये पडून असतं. पेपर दारात तसाच घडी घातलेला. दोन महिन्यांत चार किलो वजन कमी. थायरॉइडची तपासणी झाली, बी-१२ची झाली, एक झोपेची आणि एक मूडची गोळी सुरू झाली. मॅनेजर म्हणतात नवीन पार्टनर दिलीये ना, अॅडजस्ट होतील. काकू जिवंत आहेत हे मी अजून आईला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं आणि भेट झालीच नाही तर? कोणी यातून गेलंय का, काय करू?

मोगरा_सेक्टर१५

वाचून गलबलून आलं. ताई, आधी आईंना सांगा. त्या मैत्रिणीचं सुतक मनात धरून बसल्यात, रोज तेच घेऊन उठत असतील.

स्पष्टवक्ता_ऐरोली

राग मानू नका पण घरी ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती. नातवंडं, सुना, शेजारी यांच्यात माणूस रमतं. होममध्ये टाकायचं आणि मग तिथे मैत्रीण गेली म्हणून रडायचं हे मला पटत नाही. आमचे वडील ८४ चे आहेत, घरीच आहेत, काही कमी नाही त्यांना.

व्हाइट_कॅप

मी सिस्टर. हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर नऊ वर्षं नवी मुंबईतल्या एका होममध्ये नाइट सुपरवायझर होते, गेल्या वर्षी थांबले. त्यामुळे आतून सांगते, कोणाची बाजू घ्यायची म्हणून नाही.

अॅडमिशनच्या फॉर्मवर दोन रकाने असतात, जबाबदार नातेवाईक एक आणि दोन. सगळे फोन, सगळे निर्णय, सगळी बिलं तिकडे. खोलीतल्या दुसऱ्या बाईचं नाव कुठेच लिहायची जागा नाही. त्यामुळे पेशंट हलला की आम्ही मुलाला कळवतो, डॉक्टरला कळवतो, किचनला सुद्धा कळवतो की एक ताट कमी, आणि जिच्या उशाशी ती बाई दोन वर्षं झोपली तिला कोणी कळवत नाही. मुद्दाम नाही करत कोणी. ते कोणाच्या कामात बसत नाही म्हणून राहून जातं, आणि मग मावशींना वाटतं रडायला लागतील, बीपी वाढेल, नाइटला त्रास होईल, म्हणून त्या ‘येतील हां’ म्हणतात. मीही म्हटलंय हे, पुष्कळ वेळा म्हटलंय, आणि आता त्याचं वाईट वाटतं.

कोणी वारलं की तर अजून विचित्र. सगळ्यांच्या खोल्यांची दारं लावून घ्यायची, जेवणाच्या वेळेत मागच्या लिफ्टने न्यायचं. आपल्याला वाटतं कळलं नाही. दार लावलं की त्यांना लगेच कळतं हो! एक आजोबा मला म्हणाले होते, सिस्टर, आज दारं लावलीत, कितव्या नंबरचं? त्यानंतर आम्ही मॅनेजरशी भांडून एक पद्धत सुरू केली, संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी फोटो ठेवायचा, दिवा लावायचा, ज्याला बोलायचंय त्याने दोन शब्द बोलायचे. वाटलं होतं रोज रडारड होईल. तसं नाही झालं. उलट लोक म्हणायला लागले की आपलंही असं करतील, चांगलं आहे.

खोल्या बदलण्याचंही तेच. कोणी अंथरुणाला खिळलं की खालच्या मजल्यावर हलवायचं, स्टाफला सोपं पडतं. पण वर तिची जी एक सोबत होती ती तुटते. लिफ्टने एक मजला खाली, पण वॉकरवाल्या बाईला कोणी न्यायला नसेल तर ते परगावच की.

आता तुमचं. प्रायव्हसी कोणाची? काकूंची. मग नंबर द्यायचा की नाही हे काकूंना विचारलं का कोणी? डोळे गेलेत, डोकं शाबूत आहे. ऑफिसला म्हणा नंबर देऊ नका, माझ्या आईची चिठ्ठी काकूंच्या मुलाकडे पोचवा आणि काकूंना वाचून दाखवायला सांगा, त्यांना हवं असेल तर त्या फोन करतील. याला कोणी नाही म्हणू शकत नाही. चिठ्ठी आईंच्या हातची असू दे.

खाडीकाठ

सिस्टर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पण मुलाचाच नंबर शोधत होते, काकूंना विचारावं असं सुचलंच नाही. आज संध्याकाळी जाते.

@स्पष्टवक्ता, घरी आई आमच्याकडे सहा वर्षं होती. दिवसाचे बारा तास एकटी, दाराला बाहेरून लॅच, खिडकीतून मेट्रोचं काम बघायची. शेजार म्हणाल तर सगळे फ्लॅट दिवसा बंदच. तेव्हा तिला काही कमी आहे असं मलाही वाटायचं नाही. याहून जास्त लिहीत नाही, मला वेळ नाही आणि भांडायचंही नाही.

बापू७९

मी होममध्येच राहतो, वाशीच्या जवळ. फोनवर बोलून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

बायको गेल्यावर दोन वर्षं एकटा राहिलो, तेव्हा आमच्या सेक्टरमधल्या विरंगुळा केंद्रात रोज जायचो, तिथे पेपर, कॅरम, वाढदिवस, सगळं होतं, मग गुडघे गेले आणि ते तीनशे पावलांवरचं केंद्र पण लांब झालं. इथे आलो. पहिले सहा महिने मी कोणाशी धड बोललो नाही कारण मनात असं की मी इथला नाही, मी थोड्या दिवसांसाठी आलोय. प्रत्येक नवीन माणूस असाच बसलेला असतो हे नंतर कळलं. बाहेर आपण मित्र आपल्या मनाने केले, लोकलमधले, ऑफिसातले, आणि जो नको त्याला टाळायची सोय होती. इथे टेबल नेमून दिलं जातं आणि तीन वेळा त्याच चार तोंडांसमोर बसायचं. खुर्चीवरून काय भांडणं होतात तुम्हाला खरं वाटणार नाही. आतमध्ये आपलं असं काही उरलेलं नसतं, खोली त्यांची, वेळ त्यांची, जेवण त्यांचं, मग पंख्याखालची ती एक खुर्ची आपली, ती कोणी घेतली की पोटात तुटतं.

सगळ्यात वाईट हाल विसरणाऱ्या लोकांचे होतात. त्यांच्या टेबलावर कोणी बसत नाही. तुच्छतेने नाही, भीतीने. उद्या आपलं हे होणार असं दिसतं समोर. आमच्यातले एक बँकेतले साहेब, तेच तेच विचारतात, आज तारीख काय, आज तारीख काय. मी त्यांच्याशी पत्ते खेळायला बसलो एकदा, तर माणूस तारीख विसरतो पण कुठलं पान उतरलंय ते विसरत नाही. रोज दुपारी आमचा डाव असतो आता. त्यांना माझं नाव सांगता येत नाही पण मी उशीर केला तर दाराशी येऊन उभे राहतात.

आणि एक लिहायचं आहे, जे इथे कोणी लिहिणार नाही. एक बाई होत्या, शिक्षिका, ७६ वर्षांच्या. संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोघं व्हरांड्यात शब्दकोडं सोडवायचो. मला आडवे शब्द यायचे, त्यांना उभे. बास एवढंच. लोक बोलायला लागले, मग त्यांच्या मुलाने मॅनेजरला फोन केला की लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी खुर्च्या लांब लांब ठेवलेल्या. त्या बाईंनी व्हरांड्यात येणं सोडलं. त्यांनी मला काही सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. आमच्या वयाला या गोष्टीत लाज कशाची आणि कोणाची हे मला आजवर कळलेलं नाही. मुलांनो, तुमच्या आईशी तासभर कोणी आदराने बोलत असेल तर त्याला तोडू नका, तुम्ही रविवारी येता, बाकीचे सहा दिवस तिला काढायचे असतात.

खाडीकाठ बाई, आईंना आजच सांगा मैत्रीण जिवंत आहे म्हणून. भेट नाही झाली तरी चालेल. जिवंत आहे हे कळणं हीच केवढी गोष्ट आहे.

मोगरा_सेक्टर१५

बापू, नमस्कार करते तुम्हाला. माझे सासरे आमच्याबरोबर एकविसाव्या मजल्यावर राहतात, सगळं हातात मिळतं, पण आज मी मोजलं, सकाळपासून त्यांच्याशी बोललेली वाक्यं म्हणजे चहा देऊ का, गोळी घेतली का, दार लावून घ्या. उद्यापासून व्हीलचेअर घेऊन खाली नेणार.

कोपरीकर

मी मानसशास्त्र शिकवतो. बापूंची परवानगी गृहीत धरून त्यांच्या अनुभवाला लागून थोडं.

१९७६ साली अमेरिकेत दोन अभ्यास झाले ते मी दर वर्षी शिकवतो. एक एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा, एका नर्सिंग होममधला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या खोलीचं, वेळेचं तुम्ही ठरवा, हे रोप तुम्ही निवडा आणि तुम्हीच पाणी घाला. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं पण पाणी नर्स घालणार, सगळी काळजी आम्ही घेऊ असं सांगितलं. काही आठवड्यांतच पहिला मजला जास्त हिंडताफिरता, जास्त आनंदी दिसायला लागला. म्हणजे बापूंची ती खुर्ची. माणसाला आपल्या ताब्यातलं काहीतरी लागतं.

दुसरा रिचर्ड शुल्झ यांचा, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. कॉलेजची मुलं वृद्धांना भेटायला जायची. काहींना मूल कधी येणार, किती वेळ बसणार हे स्वतः ठरवता यायचं, काहींना निदान आधी कळवलेलं असायचं, काहींकडे मुलं अचानक यायची, आणि काहींकडे कोणीच नाही. ज्यांना ठरवता आलं किंवा आधी कळलं ते जास्त तब्येतीत राहिले. पण अभ्यास संपला, मुलं यायची थांबली, आणि नंतर बघितलं तर हेच लोक खाली घसरले होते, ज्यांच्याकडे कोणी येतच नव्हतं ते होते तसेच राहिले. शुल्झ आणि त्यांच्या सहकारी हनुसा यांनी हे १९७८ ला लिहिलं. आपल्याकडे डिसेंबरात कॉलेजची बस जाते, केक कापतात, मुलं आजी मी परत येणार हां म्हणतात आणि जातात. मी ही ट्रीप नेणं बंद केलं. आता चारच विद्यार्थी नेतो, पण तेच चार, दर दुसऱ्या शनिवारी, आणि वर्ष संपताना नीट निरोप घेऊन नवीन मुलाची ओळख करून देऊन.

खाडीकाठ यांच्या आईबद्दल: लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणारी, पण ज्यांवर काही करता येतं अशी १४ कारणं आहेत. त्यात ऐकू कमी येणं आहे आणि एकटं पडणंही आहे. तुमच्या आईकडे काकू होत्या तोवर दोन्हीवर उपाय होता, एकाच माणसात. मशीन ड्रॉवरमध्ये गेलं ते विसरून नाही गेलं. ऐकायचं कोणाचं, म्हणून गेलं. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, पण हे त्यांना सांगा, मैत्रीण गेल्याची तारीख आणि वजन उतरायला लागल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून द्या.

वकीलीण_ठाणे

कायद्याचं पटकन. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे, त्यात प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिना १०,००० पर्यंत निर्वाह खर्च, मुलांनी टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम, सगळं आहे. पण त्यातली व्याख्या मुलं आणि नातेवाईक इथेच थांबते. नातेवाईक म्हणजे मूल नसलेल्या ज्येष्ठाचा कायदेशीर वारस. मैत्रीण त्यात नाही. त्यामुळे केसची भाषा इथे नको, सिस्टरनी सांगितलेला चिठ्ठीचा रस्ताच योग्य.

फक्त पुढच्या वेळेसाठी, म्हणजे आत्ताच, होमला एका साध्या कागदावर आईंच्या सहीने लिहून द्या की मला हलवलं, हॉस्पिटलमध्ये नेलं किंवा माझं काही झालं तर माझ्या या या मैत्रिणींना कळवावं, त्यांना मला भेटू द्यावं. कोणी अडवत नाही असं लिहून द्यायला, फक्त कोणी देत नाही. अडलंच तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, फुकट आहे, अशा ठिकाणी मध्ये पडून बोलतात ते.

स्पष्टवक्ता_ऐरोली

माझी पहिली प्रतिक्रिया घाईची होती. माफ करा ताई. बापूंचं वाचून काल वडिलांना विचारलं तुमचे मित्र कोण कोण आहेत आता. त्यांनी तीन नावं सांगितली, तिघेही वारलेत.

खाडीकाठ

सगळ्यांना एकत्रच लिहिते, उशीर झाला, तीन आठवडे धावपळीत गेले.

त्या संध्याकाळी आईला सांगितलं. आधी तिला ऐकूच गेलं नाही, मशीन नव्हतं, म्हणून पाटीवर लिहावं तसं पेपरच्या मार्जिनमध्ये लिहिलं, काकू आहेत, पनवेलला आहेत. आईने ते वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, आणि तू मला आत्ता सांगतेस? दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. बरोबर होतं तिचं.

चिठ्ठी तिने स्वतः लिहिली, चार ओळी, मला दाखवली नाही. मॅनेजरनी पुढे पाठवली, तेवढं श्रेय त्यांना. आठ दिवसांनी काकूंच्या सुनेचा फोन. ती म्हणाली आम्हाला माहीतच नव्हतं हो असं काही, सासूबाई सारख्या म्हणायच्या ती वाचणारी बाय कुठंय, आम्हाला वाटायचं जुनं काहीतरी आठवतंय, बरळतायत. त्यांना तर सांगितलं होतं की खोली दुसऱ्याला दिली, त्यांना वाटलं आईनेच मागून दुसरी पार्टनर घेतली. म्हणजे इकडे ही सुतकात आणि तिकडे त्या रुसून.

मागच्या रविवारी गेलो. व्हीलचेअर फोल्ड करून डिकीत, पावणेदोन तास लागले, आई वाटेत एक शब्द बोलली नाही. काकू खूप वाळल्यात, नाकाला ऑक्सिजनची नळी. मला वाटलं होतं दोघी रडतील. काकूंनी हात लांब केला, आईचा चेहरा चाचपला, मग कान, आणि एकदम ओरडल्या, मशीन कुठं टाकलंस गो बाय? आईने पर्समधून काढून तिथल्या तिथे लावलं. बॅटरी मेलेली होती. तिथल्या सिस्टरकडे एक जास्तीची सापडली, ती घातली, आणि पुढचा दीड तास काकू बोलत होत्या. बोंबलाची चटणी डॉक्टरांनी बंद केलीये, मीठ चालत नाही, त्याचं दोघींनाही फार वाईट वाटलं.

रोजचा फोन जमत नाही, आईला फोनवर कळत नाही नीट. व्हिडिओ कॉल करून बघितला, काकूंना दिसत नाही. मग आता असं ठरलंय की महिन्यातून एका रविवारी आम्ही जायचं, तारीख आई ठरवेल आणि आधी कळवायचं (कोपरीकर, तुमच्यामुळे). काकूंच्या सुनेने आणि मी दोघींनी आपापल्या होममध्ये वकीलीणताईंनी सांगितलेला कागद दिलाय, आईची सही आणि काकूंचा अंगठा. दोन्हीकडे फाइलला लावून घेतला.

वजन अर्धा किलो वाढलंय फक्त, उगीच मोठं करून सांगत नाही. नवीन पार्टनर आजींशी आई अजून बोलत नाही.

पण पेपर परत उघडला जातोय. महिन्याभराचे सगळे नेता येणार नाहीत म्हणून आईने माझ्याकडून कात्री मागून घेतली आहे, निधनवार्ता आधी कापते, त्यातल्या कोळीवाड्याच्या वेगळ्या काढून, तारखेप्रमाणे लावून, बोंबलाच्या चटणीच्या त्या जुन्या डब्यात ठेवते.